नाव झाकलं तर काय उरतं?

जून २०१५. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात उभ्या राहिलेल्या मल्टिप्लेक्समध्ये मी दहा वर्षांच्या भाच्याला घेऊन ‘ज्युरासिक वर्ल्ड’ पाहायला गेलो होतो. चित्रपटात दोन भाऊ वेलींनी वेढलेल्या एका पडक्या इमारतीत शिरतात. तिथे त्यांना धूळ खात पडलेली एक जुनी जीप सापडते. ती दिसताच आमच्या मागच्यापुढच्या रांगांतून टाळ्या उठल्या, एकदोन शिट्ट्याही आल्या. मीही टाळ्या वाजवल्या. भाच्यानं माझा दंड हलवून विचारलं, “मामा, काय आहे त्या गाडीत?”

“नंतर सांगतो,” म्हणालो. खरं तर मला सांगता येत नव्हतं.

गाडीत माझे बाबा होते. १९९४ साली ‘ज्युरासिक पार्क’, म्हणजे ती जीप पहिल्यांदा दिसली तो चित्रपट, हिंदीत डब होऊन आला, तेव्हा मी सातवीत होतो. बाबा गिरणीत बदली कामगार होते. ते काम सुटून बरीच वर्षं झाली होती आणि आता ते रात्रपाळीला वॉचमन म्हणून जात. इंग्रजी सिनेमा म्हणजे शिकलेल्यांचं काम असं समजणारा हा माणूस, हिंदीत आहे म्हटल्यावर मला घेऊन दादरला आला. पेल्यातलं पाणी थरथरतं तो प्रसंग आला आणि त्यांनी माझं मनगट धरलं. ते त्यांनी मध्यंतर होईपर्यंत सोडलं नाही. बाबा घाबरलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. घरी येताना एल्फिन्स्टनच्या पुलावर ते एवढंच म्हणाले, “मेलेल्याला उठवायचा अधिकार कुणी दिला ह्यांना?”

टाळ्या मी त्या आठवणीला वाजवल्या होत्या. पडद्यावरच्या चित्रपटानं त्या मिळवलेल्या नव्हत्या. हा फरक मला तेव्हा कळला नाही. भाच्याच्या प्रश्नानं तो मनात अडकून राहिला आणि गेली काही वर्षं, दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या जुन्या विज्ञानपटाचा पुढचा भाग येतो तेव्हा, तो पुन्हा वर येतो.

अशा चित्रपटांच्या परीक्षणांत एक वाक्य हमखास असतं. जुन्याचा मान राखत नव्या प्रेक्षकालाही खिळवून ठेवण्याचा तोल दिग्दर्शकानं साधला आहे. किंवा साधलेला नाही. माझं म्हणणं असं की हा तराजूच चुकीचा आहे. एका पारड्यात काय असतं? जुनी गाडी, जुनी धून, जुनं गाजलेलं वाक्य, म्हातारा झालेला नायक. दुसऱ्यात काय? आयमॅक्सचा पडदा, आधीच्यापेक्षा मोठा राक्षस, आधीच्यापेक्षा लांब पाठलाग. दोन्ही पारड्यांत एकाच जातीचा माल आहे: दाखवायच्या वस्तू. विज्ञानकथेचा जीव वस्तूत नसतो. तो ‘असं झालं तर?’ या प्रश्नात असतो. ज्या चित्रपटाचा पुढचा भाग काढायचा, त्यानं विचारलेला प्रश्न आज कुठे येऊन पोहोचला आहे, हे जो शोधतो त्यानं मान राखला. बाकीच्यांनी फक्त सामान हलवलं.

हे तपासायचं कसं? त्यासाठी मला एक मराठी गोष्ट आठवते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणाऱ्या जयंत विष्णू नारळीकरांनी तिच्यासाठी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, पण ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. आपल्याच नावाची आद्याक्षरं त्यांनी उलट्या क्रमानं लावली होती. तोवर त्यांचं नाव देशभर झालेलं होतं. ते नाव पाहून बक्षीस मिळायला नको, कथेला मिळालं तर मिळावं, असा त्यामागचा विचार. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. मराठी विज्ञानकथेच्या इतिहासातला हा प्रसंग मला आज हॉलिवूडच्या प्रत्येक पुढच्या भागाला लावावासा वाटतो. नाव झाकून पाहा. पोस्टरवरची ती ओळखीची अक्षरं काढून टाका, ती धून काढून टाका, आणि मग सांगा, कथा उभी राहते का? राहत असेल तर आता नाव पुन्हा उघडा. नाव उघडल्यावर तिच्यात काही भर पडते का? दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तरच पुढचा भाग काढायला कारण होतं.

या कसोटीला पुरेपूर उतरणारा चित्रपट माझ्या मते १९९१ सालचा ‘टर्मिनेटर २’. जेम्स कॅमेरॉननं पहिला भाग १९८४ साली साठ-पासष्ट लाख डॉलरमध्ये काढला होता. दुसऱ्याचा खर्च दहा कोटी डॉलरच्या घरात गेला. तोपर्यंत एवढा महाग चित्रपट झाला नव्हता आणि त्या वर्षी जगात सर्वांत जास्त कमाई त्यानंच केली. तेव्हा भव्यता ही विचाराची शत्रू असते, असं मी म्हणत नाही. मला भव्य चित्रपट आवडतात, आणि तो शेजारच्या अनोळखी माणसासोबत अंधारात बसूनच पाहावा असंही वाटतं.

पहिल्या भागात सारा नावाच्या मुलीला मारायला भविष्यातून एक यंत्र येतं. दुसऱ्यात त्याच चेहऱ्याचं यंत्र तिच्या मुलाला वाचवायला येतं. सारा मनोरुग्णालयातून पळत असते, लिफ्टचं दार उघडतं आणि आतून तोच चेहरा बाहेर येतो. ती घसरून पडते आणि जमिनीवरूनच पाय झाडत मागे सरकते. पहिला भाग पाहिलेल्यांना त्या क्षणी सगळं आठवतं. न पाहिलेल्यांना काहीही आठवायची गरज पडत नाही, कारण आठवण साराच्या पायांत आहे. जुन्याचा मान कसा राखावा, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. आठवण पात्राला आहे, म्हणून ती प्रेक्षकाकडून उसनी घ्यावी लागत नाही. आणि त्यात पुढचा प्रश्नही आहे: ज्या यंत्राला मारायला शिकवलं, त्याला न मारायला शिकवता येईल का? संगणकानं घडवलेली दृश्यं त्या सव्वादोन तासांच्या चित्रपटात जेमतेम पाच मिनिटांची आहेत. आज यंत्रं शिकतात की नाही यावर घराघरांत बोललं जातं, तेव्हा एका दहा वर्षांच्या पोरानं त्या लोखंडी माणसाला ‘लोकांना मारायचं नाही’ असं बजावणं पाहून माझ्या अंगावर अजून काटा येतो.

आता ‘ज्युरासिक पार्क’कडे येऊ. १२७ मिनिटांच्या त्या चित्रपटात डायनॉसॉर दिसतात जेमतेम पंधरा मिनिटं. ज्या पेल्यानं बाबांना घाबरवलं, त्याखाली गाडीच्या डॅशबोर्डला गिटारची तार ताणून बांधली होती आणि खालून कुणीतरी ती छेडत होतं. भलाथोरला टी-रेक्स रबराचा आणि पोलादाचा होता. पावसाच्या दृश्यात रबर पाणी प्यायचं आणि तो थरथरायला लागायचा, मग माणसं टॉवेल घेऊन त्याला पुसत बसायची. हे तपशील तंत्राच्या कौतुकासाठी सांगत नाही. न दिसणाऱ्या प्राण्याला अर्धा चित्रपट दिला म्हणून ‘उठवायचा अधिकार कुणाचा’ हा प्रश्न बाबांसारख्या माणसाच्या मनात उगवायला जागा मिळाली.

‘ज्युरासिक वर्ल्ड’ला हातात आयता प्रश्न मिळाला होता. त्यात उद्यानाची व्यवस्थापक सुरुवातीलाच सांगते की डायनॉसॉरचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही, मुलं त्याच्याकडे प्राणिसंग्रहालयातल्या हत्तीसारखी पाहतात, म्हणून दर काही वर्षांनी अधिक मोठा, अधिक दातांचा प्राणी बनवावा लागतो. केवढा खरा प्रश्न! आपल्या डोळ्यांची भूक वाढत गेली की तिला खायला काय काय घालावं लागतं? आणि उद्यानाचा मालक होता आपला इरफान खान. तो पडद्यावर आला तेव्हा आमच्या थिएटरात वेगळीच कुजबुज झाली होती. पण चित्रपट तो प्रश्न वाटेत सोडून देतो. शेवटी त्याच भुकेला तो स्वतःच खायला घालतो: मोठा प्राणी, त्याहून मोठी मारामारी, आणि अगदी योग्य क्षणी १९९३चा टी-रेक्स, टाळ्यांसाठी. त्याला जगभरात १६० कोटी डॉलरहून अधिक पैसे मिळाले. माझ्या तिकिटाचेही त्यात आहेत.

चित्रपट संपल्यावर आम्ही बाहेर आलो, तेव्हा भाचा वर पाहत होता. फिनिक्सची चिमणी अजून उभी आहे. गिरणी गेली, साचे म्हणजे माग भंगारात गेले, सकाळी सात वाजता सगळ्या चाळी जागवणारा भोंगा गेला. चिमणी मात्र राखली, कारण ती दिसायला चांगली आहे आणि जागेला जुनेपणा देते. तिच्यातून धूर येत नाही. तिच्या सावलीत कॉफी पिणाऱ्याला साळखात्यात, मागांच्या त्या खात्यात, किती उकडायचं हे समजण्याची सोय तिथे नाही. चिमणी पाडायला हवी होती असं मी म्हणत नाही. पण ती ठेवली म्हणजे गिरणगावाची आठवण ठेवली, असं कुणी म्हटलं तर मला राग येतो. ती जीप म्हणजे चित्रपटातली चिमणी आहे.

याच्या उलट चर्चगेटचं इरॉस. १९३८चं थिएटर, २०१७ला बंद पडलं, २०२४ला आयमॅक्स होऊन पुन्हा सुरू झालं. हजारावर खुर्च्या होत्या, त्यांच्या जागी आता तीनशेच्या आसपास आहेत, आणि त्या परवडणारा प्रेक्षकही बदलला, याचं वाईट वाटतं. तरी बाहेरचा तो लाल-पिवळसर दगडी डौल राखून आत ते अजून सिनेमाच दाखवतं. वास्तू तिचं काम करते आहे. जुन्याला जिवंत ठेवणं म्हणजे त्याचं काम चालू ठेवणं, हे मला त्या दारात उभं राहिलं की पटतं.

आता ज्या चित्रपटानं हे काम सर्वांत धाडसानं केलं, त्याच्याबद्दल थोडं सविस्तर.

‘ब्लेड रनर’ जून १९८२मध्ये अमेरिकेत लागला. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला होता, सुमारे अडीच लाख कामगारांचा. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण मी तो चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला दोन्ही एकत्रच दिसल्या आणि त्या आता वेगळ्या होत नाहीत. रिडली स्कॉटनं २०१९ सालचं लॉस एंजेलिस दाखवलं होतं: सतत पाऊस, ढगांत घुसलेले कंपन्यांचे मनोरे, खाली चिखलात दाटीवाटीनं जगणारी माणसं, आणि अंगमेहनतीसाठी तयार केलेले कृत्रिम मानव, ज्यांचं आयुष्य चार वर्षांचं ठरवून दिलेलं. त्यांना मारायचं असतं तेव्हा ‘मारणं’ म्हणत नाहीत, ‘निवृत्त करणं’ म्हणतात. संपानंतर बाबांना आणि त्यांच्या सोबत्यांना कागदावर काय म्हटलं गेलं, ते ज्यांच्या घरात घडलं त्यांना या शब्दाचं वजन समजावून सांगावं लागणार नाही.

तो चित्रपट तेव्हा चालला नाही. पस्तीस वर्षांनी, २०१७ला, डेनी व्हिलनव्हनं त्याचा पुढचा भाग काढला, ‘ब्लेड रनर २०४९’. २ तास ४३ मिनिटांचा, अवाढव्य खर्चाचा, पहिल्या भागाचा नायक डेकार्ड झालेल्या हॅरिसन फोर्डला परत घेऊन आलेला. म्हणजे चिमणी बांधायला लागणारं सगळं सामान हाताशी होतं. त्यानं काय केलं? पहिल्या भागाचा प्रश्न होता, माणूस कुणाला म्हणायचं? दुसरा विचारतो, ज्याला राबण्यासाठीच बनवलं त्याला मूल होऊ शकलं तर? आणि पुढे, ते मूल आपणच आहोत असं एखाद्या राबणाऱ्याला वाटलं, आणि नंतर कळलं की आपण ते नाही, तर मग त्यानं कशासाठी जगायचं? आजच्या प्रत्येक मोठ्या चित्रपटात नायक हा कुणीतरी नेमलेला, भाकितात सांगितलेला, खास असतो. इथला नायक खास नाही हे त्याला कळतं, आणि त्यानंतर तो जे करतो त्यामुळे तो मोठा होतो. शहरही पुढे सरकलं आहे. पावसाबरोबर आता बर्फ पडतो आणि समुद्र आत येऊ नये म्हणून प्रचंड भिंत बांधलेली आहे. शेवटची झुंज त्या भिंतीपाशीच होते, लाटांमध्ये. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री पाण्यातून चालत घरी आलेल्या माणसाला ती भिंत परदेशातली वाटत नाही.

आणि एक प्रसंग आहे, ज्यासाठी मी या दिग्दर्शकाला मनोमन नमस्कार करतो. पहिल्या भागातली नायिका रेचल मेलेली आहे. खलनायक, म्हणजे कंपनीचा मालक, म्हाताऱ्या डेकार्डसमोर तिची हुबेहूब प्रतिकृती आणून उभी करतो. तोच चेहरा, तेच वय, तीच चाल. तंत्रज्ञांनी संगणकावर १९८२चा चेहरा पुन्हा घडवला आहे आणि प्रेक्षागृहात आपलाही श्वास अडकतो. डेकार्ड बराच वेळ तिच्याकडे पाहतो. मग म्हणतो की तिचे डोळे हिरवे होते, आणि पाठ फिरवतो. जुन्याची प्रतिकृती दाखवून माणसाला विकत घेणं हे इथे खलनायकाचं हत्यार आहे, आणि डेकार्ड त्याला नकार देतो.

याच्या शेजारी २०२४चा ‘एलियन: रोम्युलस’ ठेवून पाहा. त्याची सुरुवात मला फार आवडली. खाण वसाहतीत राबणारी एक तरुण मुलगी करारातले तास पुरे करून सुटकेचा कागद मागायला जाते, आणि खिडकीतून तिला सांगितलं जातं की तास दुपटीनं वाढवलेत. पाच मिनिटांत एक आख्खी पिढी समोर उभी राहते. मालिकेत सुरुवातीपासून असलेला प्रश्न, कंपनीच्या लेखी माणसाची किंमत काय, इथे आजचा होऊन येतो. आणि मग चित्रपट इयान होमचा चेहरा काढतो. १९७९च्या पहिल्या भागातला हा थोर नट २०२०मध्ये वारला. त्याचा चेहरा तंत्रानं परत आणून बरंच बोलायला लावला आहे. कुटुंबाची परवानगी घेतली होती. तरीही मला ते पाहवलं नाही. दुसऱ्याच एका यांत्रिक पात्रानं तो संवाद म्हटला असता तर कथेचं काहीही अडलं नसतं. पुढे १९८६च्या भागातलं एक गाजलेलं वाक्यही जसंच्या तसं येतं. ज्या पात्राच्या तोंडी ते येतं, त्याला ते वाक्य सुचायचं काही कारण नाही. ते आपल्यासाठी म्हटलेलं आहे.

उद्या हे आपल्याकडेही होईल. लक्ष्मीकांत बेर्डे जाऊन आता वीसहून अधिक वर्षं झाली. ‘लक्ष्या’ म्हटलं की अजून घरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या चेहऱ्यावर हसू येतं. त्याचा चेहरा संगणकावर घडवून नव्या कथेत आणला तर थिएटर पहिली दोन मिनिटं वेडं होईल, मीही होईन. पण लक्ष्याचं विनोदाचं टायमिंग समोरच्या नटाच्या डोळ्यांत पाहून ठरायचं. ते कुठून आणणार? त्याला मान द्यायचा तर तो ज्या गल्लीतल्या, ज्या चाळीतल्या पोराचं रूप घेऊन आला, त्या पोराचं आज काय झालंय हे दाखवणारा नवा नट शोधावा.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ओळखीचं पुन्हा पाहण्यात आनंद असतोच की. आपण तर पिढ्यान्पिढ्या तेच पाहत आलो. रामाची गोष्ट माहीत असूनही माणसं कीर्तनाला जातात, तेच नाट्यपद पुन्हा ‘वन्स मोअर’ घेतं. मग हॉलिवूडच्या जीपवर एवढा राग का?

कोकणातून गिरणगावात आलेल्या माझ्या आजोबांना दशावताराचं वेड होतं. गावाकडच्या कंपन्या मुंबईत आल्या की ते आम्हा मुलांना घेऊन जात. दशावताराच्या सुरुवातीला आड-दशावतार असतो: गणपती येतो, रिद्धिसिद्धी येतात, संकासूर येतो. ते ठरलेलं, दर खेळाला तेच. पोरं संकासुराची वाट पाहत जागी राहत. ते झालं की आख्यान सुरू होतं, आणि आख्यानाला लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरवून घेतात, पण संवाद नट उभ्या उभ्या रचतात, समोरच्याच्या बोलण्यावर, त्या रात्रीच्या प्रेक्षकांवर. तीच कथा, पण काल भांडुपला जे बोलणं झालं ते आज लालबागला होणार नाही. आजोबा उजाडेपर्यंत बसत ते त्या आख्यानासाठी, आणि परतताना कुणी कुणाला कसं निरुत्तर केलं हेच बोलत. ओळखीचा आनंद आमच्या परंपरेत आहे, पण त्याला त्याची जागा दिलेली आहे. आधी वंदन, मग आख्यान, आणि आख्यान ताजंच हवं. संकासुरावरच रात्र काढली असती तर आजोबा मध्येच उठून गेले असते. आजचे बहुतेक पुढचे भाग हे रात्रभर चाललेले आड-दशावतार आहेत.

ताजं आख्यान रचायला गेलं की काय होतं, हे ‘स्टार वॉर्स’नं दाखवलं. २०१५ला पहिल्या चित्रपटाचाच साचा पुन्हा वापरला, लोक खूश. २०१७ला पुढच्या दिग्दर्शकानं नायिकेच्या आईबापांना कुणीच नसलेली साधी माणसं ठरवलं, जुन्या नायकाला आपल्या चुकीनं खचलेला दाखवलं, आणि चाहत्यांतला एक गट पेटून उठला. एका तरुण अभिनेत्रीला तर छळामुळे समाजमाध्यमांवरून बाजूला व्हावं लागलं. २०१९ला घाबरून सगळं मागे फिरवलं: नायिका पुन्हा बड्या घराण्यातली, मेलेला सम्राट पुन्हा जिवंत. मला यात स्टुडिओचा जेवढा दोष दिसतो, तेवढाच आपला दिसतो. आपण प्रेक्षक जुन्याचे वारस न होता त्याचे पहारेकरी झालो. कुणी वस्तू जागची हलवली की आरडाओरडा करतो.

पैशाचं गणितही सरळ आहे. कोट्यवधी डॉलर घालणाऱ्याला अनोळखी कथेपेक्षा ओळखीचं नाव बरं वाटतं. लहानपणी जे पाहिलं, त्याच्या नावावर आज कमावता झालेला बाप सगळ्या घराची तिकिटं काढतो. ‘ब्लेड रनर २०४९’ खर्चाच्या मानानं कमावू शकला नाही हेही खरं, आणि माझ्या म्हणण्याला ती मोठी अडचण आहे. प्रश्न विचारलात तर लोक येत नाहीत, जीप दाखवलीत तर येतात, असं कुणीही मला ऐकवू शकतो. माझ्याकडे त्यावर एक जपानी उत्तर आहे. १९५४चा मूळ ‘गॉडझिला’ हा अणुबाँबच्या जखमेतून आलेला चित्रपट होता. त्यानंतर त्या राक्षसाच्या नावावर कित्येक दशकं नुसत्या मारामाऱ्या झाल्या. २०२३ला ताकाशी यामाझाकींनी ‘गॉडझिला मायनस वन’ काढला. खर्च दीड कोटी डॉलरच्या आत, दृश्य-परिणामांचं काम करणारी माणसं फक्त ३५. त्यात राक्षस आहे, बोटी बुडतात, शहर उद्ध्वस्त होतं, मूळ धूनही वाजते आणि ती वाजते तेव्हा छाती भरून येते. पण कथा आहे मरायला पाठवलेल्या आणि न मरता परतलेल्या एका वैमानिकाची, ज्याला जगल्याची लाज वाटते. १९५४नं बाँबबद्दल विचारलं होतं. इथे विचारलं आहे की देशानं मरायला सांगितलं तर मरायलाच हवं का. नाव झाकलं तरी ही कथा उभी राहते. दृश्य-परिणामांचं ऑस्कर त्या ३५ जणांच्या कामाला मिळालं, अवाढव्य खर्चाच्या चित्रपटांना मागे टाकून, आणि जगभर लोकांनी तिकिटं काढून तो पाहिला.

मुंबईत बसून हे सगळं लिहायचं कारण असं की हे चित्रपट आता फक्त इथे लागत नाहीत, इथे घडतातही. ‘ब्लेड रनर २०४९’च्या दृश्य-परिणामांच्या ऑस्करमध्ये वाटा असलेल्या डीनेग या कंपनीचं मोठं केंद्र मुंबईत आहे. अंधेरी-गोरेगावच्या पट्ट्यात अशा कामांवर हजारो पोरं पाळ्यांमध्ये बसतात. पाळ्या पुन्हा आल्या, फक्त साच्यांच्या जागी पडदे आले.

२०१५ला माझ्या शेजारी बसलेला तो भाचा आता त्यांतला एक आहे. तो रोटो करतो. म्हणजे चित्रीकरणातल्या माणसाच्या कडेकडेनं रेघ काढून त्याला मागच्या दृश्यापासून वेगळं करायचं, सेकंदाच्या २४ चौकटी, प्रत्येक चौकटीत पुन्हा तेच. चित्रपट कोणता, ते घरी सांगायचं नाही असा करार असतो. बऱ्याचदा त्याला स्वतःलाही खरं नाव माहीत नसतं, प्रकल्पाला कसलंतरी टोपणनाव दिलेलं असतं. आवाज नसतो, संगीत नसतं, मागचंपुढचं दृश्य नसतं.

गेल्या महिन्यात तो रात्रपाळी करून सकाळी आमच्याकडे आला. चहा घेताना म्हणाला, “मामा, दोन आठवडे एकच म्हातारा कापतोय.”

“कोण आहे?”

“सांगता येत नाही. खरंच माहीतही नाही. दाराशी येतो, कडीला हात घालतो, आणि हात मागे घेतो. नव्वद चौकटी तो हात मागे घेतोय. अंगठा आधी उचलतो, मग बोटं. मला पाठ झालंय ते.” त्यानं कपावरून आपला हात तसाच हळूहळू उचलून दाखवला. “आत कोण आहे ते मला कळत नाहीये. लागला की पहिल्या दिवशी जाऊया. त्यानं दार का नाही उघडलं ते मला बघायचंय.”